मूसांनी नाकारलेलं दूध

सूरह कसस ही कुरआनची २८वी सूरह. तिच्या सुरुवातीलाच एका भुकेल्या बाळाची गोष्ट आहे. बनी इस्राईलमध्ये जन्मणाऱ्या मुलग्यांना मारून टाकण्याचा फिरऔनचा सपाटा चालू आहे. हजरत मूसा (अलै.) यांच्या आईच्या मनात अल्लाहकडून प्रेरणा होते, की बाळाला दूध पाज आणि त्याच्या जिवाची भीती वाटली की त्याला नदीत सोडून दे. ती तसं करते. बाळ वाहत वाहत नेमकं फिरऔनच्याच माणसांच्या हाती लागतं. राणीचा जीव बाळावर जडतो. (परंपरेत तिचं नाव आसिया.) आणि मग राजवाड्यात खरी पंचाईत सुरू होते. दूध पाजणाऱ्या बायका आणल्या जातात आणि बाळ एकीच्याही अंगावर प्यायला तयार नाही. दाईंचं दूध आम्ही त्याच्यासाठी आधीच वर्ज्य केलं होतं, असं कुरआन सांगतं. लांबून पाळत ठेवून असलेली मूसांची बहीण तेवढ्यात पुढे होते आणि विचारते, याला सांभाळेल असं एक घर दाखवू का? अशा रीतीने बाळ आपल्याच आईच्या कुशीत परत येतं.

बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथातही ही कथा आहे. तिथे राणीऐवजी फिरऔनची मुलगी आहे, आणि दूध पाजण्याबद्दल पगार देण्याचं तिचं वचनही आहे. बाळाने दूध नाकारल्याचा उल्लेख मात्र तिथे नाही. तो यहुदींच्या तालमुदमध्ये सापडतो.

तफसीरकारांनी या आयतींमध्ये अल्लाहची योजना पाहिली, आणि ती आहेच. पण मी उर्दूच्या वर्गात हा किस्सा सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे राजवाड्यातली ती दुपार येते. बाळ रडून लाल झालंय, एकेक बाई पदर सावरत पुढे येते, बाळ तोंड फिरवतं, आणि आजूबाजूच्या प्रत्येकीकडे एक सल्ला तयार आहे. चार महिन्यांच्या मुलाच्या तोंडात पहिल्यांदा बाटली द्यायचा प्रयत्न जिने केलाय, तिला ही दुपार समजावून सांगावी लागत नाही. या गोष्टीत एक वाक्य कुठेच नाही, ते म्हणजे ‘तूच लाडावून ठेवलंयस’. आमच्या स्टाफरूममध्ये ते मी या वर्षात दोनदा ऐकलं. दोन तरुण सहशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या आणि दोघींचं गाऱ्हाणं एकच होतं : “आपा, बाळ बाटली तोंडातच घेत नाही.” त्यातली एक नोकरी सोडण्याच्या बेतात होती. म्हणून वाटलं, बाळाने दूध नाकारणं आणि मोठ्यांनी त्यावर शोधलेले उपाय, हा इतिहास एकदा नीट मांडावा.

अरबस्तानापासून सुरुवात करू. मक्केच्या खात्यापित्या घरांत तान्ह्या मुलांना वाळवंटातल्या टोळ्यांकडे दूध पाजायला पाठवायची पद्धत होती. मोकळी हवा आणि शुद्ध अरबी ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणं. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तो वाळवंटातल्या गरीब बायकांचा रोजगार होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांना आईनंतर प्रथम काही दिवस सुवैबा यांनी पाजलं. त्या अबू लहबच्या दासी. त्यानंतर बनू साद टोळीच्या हजरत हलीमा त्यांना घेऊन गेल्या. इब्न इसहाकच्या सीरतमध्ये हलीमांच्या तोंडून आलेली हकीकत आहे. दुष्काळाचं वर्ष, अंगात त्राण नसलेली गाढवी, थेंबभर दूध न देणारी म्हातारी सांडणी, आणि त्यांचं स्वतःचं मूल भुकेने रात्रभर रडत असलेलं. बरोबरच्या बायकांना मक्केत मुलं मिळाली. अनाथ मुलाला घ्यायला कुणी तयार नव्हती, कारण देणगी मिळायची ती मुलाच्या वडिलांकडून. रिकाम्या हाताने परत जाण्यापेक्षा बरं, म्हणून हलीमांनी या अनाथाला उचललं.

मीलादच्या जलशात यापुढची बरकत सांगितली जाते : छाती दुधाने भरली, सांडणी दूध देऊ लागली, गाढवी सगळ्यांच्या पुढे धावू लागली. मला थांबावंसं वाटतं ते त्याआधीच्या ओळीवर, हलीमांच्या स्वतःच्या मुलाच्या रडण्यावर. दाईचा इतिहास लिहिताना जिथे-तिथे विचारायला हवा असा प्रश्न तिथे आहे. जी दुसऱ्याच्या मुलाला पाजते, तिच्या मुलाचं काय? हलीमांच्या घरी दोघांनाही पोटभर मिळालं, म्हणून सीरतमध्ये ती बरकत ठरली. बाकी जगात तसं क्वचितच घडलं. युरोपातल्या शहरांत श्रीमंतांच्या घरी राहणाऱ्या दाया स्वतःचं मूल गावी कुणाच्या तरी भरवशावर ठेवून येत, आणि त्यातली कितीतरी मुलं जगत नसत.

त्या दुधाची आठवण पुढे राहिली. हुनैनच्या लढाईनंतर (हिजरी ८, म्हणजे इ.स. ६३०) हवाजिनच्या कैद्यांमध्ये एक प्रौढ बाई होती. ती सांगू लागली, मी तुमच्या पैगंबरांची दूधबहीण आहे. हलीमांची मुलगी शैमा ती. लहानपणी कडेवर घेतलेलं असताना त्यांनीच घेतलेल्या चाव्याची खूण तिने दाखवली. प्रेषितांनी ओळखलं, आपली चादर अंथरून तिला बसवलं, राहायचं तर राहा, जायचं तर मानाने जा म्हणाले. ती भेट घेऊन आपल्या माणसांत परत गेली.

आता कायद्याकडे. सूरह बकराची २३३वी आयत दूध पाजण्याविषयीच आहे, आणि ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. मातांनी पूर्ण दोन वर्षं पाजावं, एवढा भाग प्रत्येक सासूला पाठ असतो. त्यापुढचा भाग असा : तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी मुलाच्या बापावर, मुलापायी आईला त्रास होऊ नये, आणि बापालाही, दोघांनी आपसांत सल्लामसलत करून, दोघांच्या राजीखुशीने दूध तोडायचं ठरवलं तर दोष नाही, आणि दुसरीकडून पाजून घ्यायचं असेल तर तिचा ठरलेला मोबदला रीतसर द्यावा. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तर घटस्फोट झालेल्या आईलाही दूध पाजण्याचा मोबदला द्यायला सांगितलं आहे, आणि दोघांचं जमलं नाही तर दुसरी पाजेल, असंही म्हटलं आहे. म्हणजे सातव्या शतकात दूध पाजणं हे श्रम मानले गेले, त्याचा खर्च बापाच्या नावे टाकला गेला आणि निर्णय सल्ल्याने घ्यायचा ठरला. आजच्या घरांत सल्ला भरपूर होतो. फक्त आईचा घेतला जात नाही.

दुधामुळे नातंही लागतं. सूरह निसाच्या २३व्या आयतीत ज्यांच्याशी लग्न वर्ज्य आहे त्या यादीत दूधआई आणि दूधबहीण आहेत. हजरत हमजा हे प्रेषितांचे चुलते खरे, पण सुवैबांच्या दुधामुळे दूधभाऊही. त्यामुळे हमजांच्या मुलीशी लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा, ती माझ्या दूधभावाची मुलगी आहे, असं त्यांनी सांगितलं. बुखारीत उकबा बिन हारिस यांची हदीस आहे. त्यांचं लग्न झालेलं. एक काळी बाई आली आणि म्हणाली, मी तुम्हा दोघांनाही पाजलंय. उकबांना ते ठाऊक नव्हतं. ते मक्केहून मदिनेला प्रेषितांकडे गेले, आणि उत्तर मिळालं की आता असं सांगितलं गेल्यावर एकत्र कसं राहणार? उकबांनी पत्नीला सोडलं. एका साध्या बाईच्या तोंडच्या शब्दावर एक लग्न मोडलं. कुणी कुणाला पाजलं याची साक्ष शेवटी बायकांकडेच असणार, हे त्या निवाड्यात गृहीत आहे.

किती दूध प्यायलं की नातं लागतं, यावर फकिहांचे मतभेद आहेत. शाफईंच्या मते वेगवेगळ्या वेळी पाच वेळा पोटभर. हनफींच्या मते एक घोटही पुरे. माझं माहेर कोकणातलं, म्हणजे शाफई, आणि सासर हनफी. त्यामुळे हा वाद मी पुस्तकात वाचण्याआधी दोन घरांच्या स्वयंपाकघरांत ऐकला. नानीच्या गावात एखादी बाजारला गेली आणि मूल रडू लागलं तर जाऊबाई किंवा शेजारीण सहज पदराखाली घ्यायची, पण घेतल्याचं संध्याकाळी सांगायची. सासरी तेवढ्यावरही भुवया उंचावल्या असत्या.

आणि आता बाटलीचा प्रश्न. बाईचं दूध छातीला न लावता भांड्याने तोंडात ओतलं तर नातं लागतं का? बाटल्या येण्याच्या हजारएक वर्षं आधीच फकिहांनी हा प्रश्न सोडवायला घेतला होता. चारही मजहबांच्या बहुतेक विद्वानांचं उत्तर होकारार्थी आहे. दूध पोटात गेलं, त्याने पोषण झालं, हे महत्त्वाचं. ते कशातून गेलं हे नाही. स्पेनचे इब्न हज्म मात्र शब्दाला धरून बसले : दूध पिणं म्हणजे छातीला तोंड लावून चोखणं, बाकी सगळं नुसतं ओतणं. बकरीच्या दुधाचाही एक किस्सा आहे. एकाच बकरीचं दूध प्यायलेली दोन मुलं दूधभावंडं होतात, असा फतवा इमाम बुखारींनी दिला आणि त्यापायी त्यांना बुखारा सोडावं लागलं, असं जुन्या हनफी ग्रंथांत आहे. एवढ्या मोठ्या मुहद्दिसाच्या तोंडी हे शोभत नाही म्हणून पुढच्या हनफी विद्वानांनीही त्यावर शंका घेतली. मलाही तो विरोधकांनी रचलेला विनोदच वाटतो. पण अशा विनोदासाठी लोकांना बकरीचं दूध पिणारी मुलं रोजच्या पाहण्यातली असावी लागतात, हेही खरं.

इब्न सीनांनी ‘कानून’मध्ये दाई कशी निवडावी ते लिहिलं आहे. वय २५ ते ३५, प्रकृती ठणठणीत, स्वभाव शांत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही धात्रीची अशीच लक्षणं दिली आहेत, आणि आईचं किंवा दाईचं दूध नसेल तर गाईचं वा बकरीचं द्यावं असं सांगितलं आहे. वैद्यांच्या या याद्यांमध्ये दाईची बारीक परीक्षा आहे, बाळाच्या पसंतीला फारशी जागा नाही. ती जागा दिली अबुल फजलने, तीही अर्थात आपल्या बादशहाची थोरवी सांगायला.

अकबराचा जन्म १५४२ चा, उमरकोटचा. हुमायून तेव्हा राज्य गमावून भटकत होता, तरी बाळासाठी अंगांची म्हणजे दायांची रांग होती, कारण राजपुत्राला पाजणं हा मोठा मान होता. त्यातली जीजी अंगा ही शम्सुद्दीन अतगा यांची बायको. माहम अंगाही त्याच गोतावळ्यात. ‘अकबरनाम्या’त हकीकत अशी की बाळ जीजी अंगाशिवाय कुणाचं दूध घेईना. तेव्हा माहम अंगा आणि इतरांनी हुमायूनकडे तक्रार केली, की हिने जादूटोणा केलाय, म्हणून बाळ दुसऱ्या कुणाकडे वळत नाही. बिचारी जीजी अंगा खिन्न होऊन बसली. मग सात-आठ महिन्यांच्या अकबराने म्हणे बोलून तिचं सांत्वन केलं. चमत्काराचा भाग अबुल फजलच्या पदरी टाका. उरतं ते फार ओळखीचं आहे. बाळ एकीचं दूध घेतं, दुसरीचं घेत नाही, आणि दोष जिचं घेतं तिच्यावर येतो.

या दुधाने पुढे रक्तही सांडलं. १५६२ मध्ये माहम अंगाच्या मुलाने, अधम खानाने, जीजी अंगाच्या नवऱ्याचा, शम्सुद्दीन अतगांचा, आग्र्याच्या किल्ल्यात खून केला. अकबराने अधम खानाला गच्चीवरून खाली फेकायला लावलं. जीव गेला नाही म्हणून वर आणून पुन्हा फेकलं. जीजी अंगाचा मुलगा मिर्झा अजीज कोका हा मात्र दरबारात हवं ते बोलायचा, भांडायचा, रुसून मक्केला निघून जायचा, आणि त्याला माफी मिळायची. आमच्या दोघांमध्ये दुधाची नदी आहे, ती मला ओलांडता येत नाही, अशा आशयाचे अकबराचे उद्गार नोंदलेले आहेत.

आपल्याकडची दूधआई म्हणजे धाराऊ. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ ला पुरंदरवर झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली, दूध पुरेना. किल्ल्याच्या पायथ्याजवळच्या कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ पाजायला आली. राजे सव्वादोन वर्षांचे असताना सईबाई गेल्या. धाराऊचे मुलगे, अंतोजी आणि रायाजी गाडे, पुढे संभाजीराजांच्या पदरी होते. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ लागतं. तिथून जाताना अजीज कोकाची आठवण मला हमखास येते; आग्र्यात कोका म्हणतात, मावळात दूधभाऊ म्हणतात.

भांड्यांचा इतिहास दायांइतकाच जुना आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात कांस्ययुगातल्या आणि सुरुवातीच्या लोहयुगातल्या लहान मुलांच्या थडग्यांत चोचीची छोटी मातीची भांडी सापडली. २०१९ मध्ये त्यांतल्या चिकट अंशाची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि तो गाई-बकऱ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचा निघाला. त्या काळच्या अशा काही भांड्यांना जनावराचं तोंड आणि पाय आहेत. म्हणजे बाळ हसावं अशी कुणाची तरी इच्छा होती. आपलं बोंडलं त्याच कुळातलं. लहानशी वाटी, एका बाजूला चोच, थोडं थोडं दूध गालाच्या कडेने सोडायचं. पितळेची, चांदीची बोंडली जुन्या घरांच्या फडताळात अजून सापडतात.

बोंडल्यात बाळाला चोखावं लागत नाही, ते गिळतं. चोखायची बाटली युरोप-अमेरिकेत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅटने रबरी बोंडीचं पेटंट घेतलं. मग काचेची चपटी बाटली, तिला लांब रबरी नळी आणि टोकाला बोंडी, अशी सोय निघाली. बाळाला पाळण्यात ठेवायचं, नळी तोंडात द्यायची आणि आईने कामाला लागायचं. बाळं ती बाटली आवडीने घेत. पण नळी आतून धुता येत नसे, दूध आत नासत राही, आणि मुलं हगवणीने मरत. डॉक्टरांनी तिला खुनी बाटली म्हणायला सुरुवात केली, तरी ती विसाव्या शतकापर्यंत खपत राहिली, कारण गिरणीत जाणाऱ्या बाईला तेवढी सवड फक्त तीच देत होती. दुधाच्या जागी काय घालायचं याचंही संशोधन याच काळातलं : १८६५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बाळांसाठी कृत्रिम आहार बनवला, आणि १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेवे गावात हेन्री नेस्ले यांनी दूध, गहू आणि साखरेचं पीठ विकायला आणलं.

आमच्या मुंबईत गिरणीतल्या बाईकडे ती बाटलीसुद्धा नव्हती. पहाटे भोंगा झाला की निघायचं, दहा तास खात्यात उभं राहायचं, दूध पाझरून चोळी भिजायची, आणि चाळीतल्या खोलीत मूल म्हातारीपाशी किंवा सात वर्षांच्या बहिणीपाशी. ते दिवसभर रडू नये म्हणून बाळगोळी द्यायची. बाळगोळीत अफू असे. १९२०च्या सुमारास मुंबईच्या कामगार खात्यासाठी पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या बाईंनी लिहून ठेवलंय की गिरणी कामगार बायकांच्या जवळपास सगळ्याच बाळांना अफू दिली जात होती. १९२१ मध्ये मुंबईतला नोंदलेला बालमृत्यूदर हजारी सहाशेहून अधिक होता. (खूपशा बायका बाळंतपणाला गावी जात, जन्माची नोंद तिकडे आणि मृत्यूची इकडे होई, म्हणून तो आकडा काहीसा फुगलेला, पण फुगवटा काढूनही भयंकरच.) बाळ वरचं दूध घेत नाही, हा प्रश्न त्या घरांत अफूने झोपवला होता.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आगेमागे बाईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा ज्या मालकाला मिळतो त्याने या खर्चाचा काही भाग उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. सूरह बकरात खर्च बापाच्या नावे आहे. गिरणीच्या युगात त्या रकान्यात मालकाचं नाव घालावं लागलं, आणि ते घालणाऱ्यांत बाबासाहेब होते, याचा उल्लेख आमच्या जलशांमध्ये व्हायला हवा. स्वातंत्र्यानंतरच्या १९६१च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात दूध पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या दिल्या, आणि २०१७च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, तसंच ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं.

डब्याच्या दुधाची कथा थोडक्यात सांगते. १९३९ मध्ये सिंगापूरला डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आटवलेल्या गोड दुधाच्या जाहिरातींवर तुटून पडणारं भाषण केलं; अशा प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंना त्यांनी सरळ खून म्हटलं. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने बाळाच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ मतं, विरोधात एकच, अमेरिकेचं. भारताने १९९२ मध्ये कायदा केला. त्यामुळेच आपल्या टीव्हीवर फीडिंग बाटलीची जाहिरात दिसत नाही.

तरी बाटली ही गुन्हेगार आहे असं मी म्हणणार नाही. अस्वच्छ पाणी, अर्धवट कळलेली प्रमाणं आणि पैसे वाचवायला पातळ केलेली पावडर हे गुन्हेगार. बाटलीत आईचंच काढलेलं दूध असेल, आणि ती रोज उकळली जात असेल, तर प्रश्न फक्त बाळाच्या राजी होण्याचा उरतो.

बाळ का नाकारतं? अंगावर पिताना ते आधी चोखतं, मग पान्हा फुटतो, मग ते थांबतं, श्वास घेतं, पुन्हा चोखतं. वेग त्याच्या हातात असतो. बाटलीतून दूध विचारल्याशिवाय येतं. बोंडी गार आणि परक्या वासाची. आणि समोर आई बसलेली असेल तर त्याला कळतच नाही की जवळ खरी गोष्ट असताना ही नक्कल कशाला. म्हणून पहिले प्रयत्न आईने करू नयेत. बाप, खाला, दादी, कुणीही घ्यावं आणि आईने खोलीतून, जमलं तर घरातूनच बाहेर जावं. बाळ भुकेने कासावीस झालेलं नको. अर्धी भूक किंवा नुकती झोप उघडलेली वेळ बरी. बोंडी कोमट पाण्यात धरून घ्यावी, सर्वांत मंद धारेची निवडावी. बाळाला जवळजवळ बसतं धरावं, बाटली आडवी ठेवावी, बोंडी ओठाला लावून त्याने तोंड उघडायची वाट पाहावी, आणि दर काही घोटांनी थांबावं. रडलं की थांबायचं. जबरदस्तीने दिलेली बाटली दुसऱ्या दिवशी दिसली तरी बाळ रडतं. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करावी.

काढलेलं दूध खोलीत चार तासांपर्यंत टिकतं, आपल्या मे महिन्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये चार दिवस. काही जणींच्या साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. ते नासलेलं नसतं, दुधातल्याच एका पाचक घटकामुळे तसं होतं, पण बाळ ते थुंकतं आणि घरातले बाटलीला दोष देतात. म्हणून एकदा आईने ते स्वतः चाखून पाहावं.

आणि बाटली नाहीच घेतली तर? माझ्या मुलीने कधीच घेतली नाही. मी रुजू झाले तेव्हा ती सहा महिन्यांची होती. सासूबाई वाटी-चमच्याने काढलेलं दूध द्यायच्या, थोडी नाचणीची पेज भरवायच्या, आणि उरलेलं सगळं ती रात्री माझ्याकडून वसूल करायची. झोपेचं वाटोळं झालं, पण वजन वाढत राहिलं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही बाटलीपेक्षा वाटी-चमच्यालाच झुकतं माप देतात, कारण वाटी धुणं सोपं. मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, मलूल पडत असेल, तर मात्र कुणाच्याही अनुभवावर न थांबता डॉक्टरांकडे जावं.

एक विषय राहिला, आणि आमच्या घरांत तो दबक्या आवाजात निघतो. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. शेजारीच धारावी. वेळेआधी जन्मलेली, किलो-दीड किलोची बाळं, ज्यांच्या आईला अजून दूध आलेलं नाही, त्यांना दुसऱ्या आयांनी दिलेलं, तापवून निर्जंतुक केलेलं दूध नळीने किंवा वाटीने मिळतं. अशा बाळाला पावडरचं दूध आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका वाढवतं, हे डॉक्टर सांगतात. मग वर आलेला जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. ओतलेल्या दुधाने नातं लागतं, आणि पेढीत अनेकींचं दूध एकत्र होतं, तर उद्या हे मूल कुणाचं दूधभावंड? शेख युसुफ करजावी यांनी १९८३ मध्ये दुग्धपेढीला परवानगी देणारं मत मांडलं : छातीला लावून पाजणं झालेलं नाही, आणि कुणाचं, किती दूध हेही अनिश्चित, म्हणून नातं लागत नाही. इब्न हज्मचा शब्दाचा हट्ट एक हजार वर्षांनी असा उपयोगी पडला. १९८५ मध्ये जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने याउलट ठराव केला, की मुस्लिम जगात अशा पेढ्या काढू नयेत.

माझा कल करजावींकडे आहे, पण मी मुफ्ती नाही. ज्या बहिणीला सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांनी बाळ लवकर येण्याची शक्यता सांगितली आहे, तिच्या घरच्यांनी दोन चौकश्या तेव्हाच करून ठेवाव्यात. एक रुग्णालयात : दूध एकाच आईचं मिळू शकतं का, आणि तिची नोंद मिळते का. दुसरी आपल्या मस्जिदीत : जीव वाचवण्याच्या गरजेपोटी हे दूध दिलं तर तुमचं म्हणणं काय. रात्री दोन वाजता, नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहून, नर्स सहीसाठी कागद पुढे करत असताना, फोनवर फतवे शोधणारा बाप मी पाहिला आहे.